तेराव्या लेखातले पाच राजे

1838 साल. कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप गिरनारच्या शिलालेखांची नक्कल वाचत होते. मुंबईच्या रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या पुढाकाराने कापडावर उतरवलेली ही नक्कल होती. प्रिन्सेप पेशाने टांकसाळीतले, धातूंचा कस पाहणारे. आदल्याच वर्षी त्यांनी सांचीच्या छोट्या लेखांवरून ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले होते, आणि श्रीलंकेतल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे ‘पियदसी’ म्हणजे अशोक मौर्य हे दाखवून दिले होते.

गिरनारच्या खडकावरचे अशोकाचे आज्ञालेख वाचता वाचता दुसऱ्या लेखात एक परके नाव आले: अंतियक, यवनांचा म्हणजे ग्रीकांचा राजा. हा तर सिरियाचा अँटिओकस! त्याच्या आणि शेजारच्या राजांच्या मुलखात माणसांसाठी व जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती लावल्या, असे अशोक सांगत होता. प्रिन्सेप तेराव्या लेखाकडे वळले. गिरनारला नेमका तोच भंगलेला. तरीही तुटक ओळींतून इजिप्तचा टॉलेमी डोकावला. भारतीय सम्राटाच्या आज्ञापत्रात भूमध्य समुद्राकाठचे राजे!

आजारी प्रिन्सेप त्याच वर्षी मायदेशी परतले आणि 1840 मध्ये चाळिशीत वारले. पूर्ण तेरावा लेख पेशावरजवळच्या शाहबाजगढीच्या खडकावर होता, पण तिथली लिपी खरोष्ठी. तो आणि डेहराडूनजवळचा कालसीचा लेख वाचला गेला तेव्हा पाची नावे जुळली: सिरियाचा अँटिओकस, इजिप्तचा टॉलेमी, मॅसिडोनियाचा अँटिगोनस, सायरीनीचा मॅगस आणि एक अलेक्झांडर. हे पाचही एकाच वेळी राज्य करत होते तो काळ थोडाच. त्यामुळे अशोकाचा काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याशी पक्का बांधला गेला.

पण तारखेपेक्षा मोठी गोष्ट मजकुरात होती. कलिंगच्या लढाईत एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख परागंदा केली गेली, त्याहून कितीतरी अधिक मेली, आणि त्याचे मला दुःख आहे, असे जिंकलेला राजा दगडावर कोरून सांगतो. धम्माने मिळवलेला विजय हाच खरा विजय, तो मी चोल-पांड्यांपासून यवन राजांपर्यंत मिळवला आहे, आणि माझ्या मुला-नातवंडांनी नव्या मुलूखगिरीचा विचार करू नये, असेही बजावतो. मात्र हा साधूचा उपदेश नव्हे. त्याच लेखात रानातल्या टोळ्यांना इशारा आहे: सम्राटाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हाती बळ आहे.

पुढे 1963 मध्ये अफगाणिस्तानातल्या कंदाहारला एक ग्रीक शिलालेख हाती आला. त्यात बाराव्या लेखाचा शेवट आणि तेराव्याची सुरुवात होती. म्हणजे कलिंगच्या संहाराची कबुली ग्रीक प्रजेला तिच्याच भाषेत दिलेली होती. आणि खुद्द कलिंगात? धौली आणि जौगडच्या खडकांवर तेरावा लेख नाहीच. त्याच्या जागी वेगळे लेख आहेत: सगळी माणसे माझी लेकरे, अधिकाऱ्यांनी विनाकारण कुणाला डांबू नये, छळू नये. पश्चात्ताप दूरच्यांना सांगितला, ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांना नाही. आणि कलिंग स्वतंत्र केल्याचेही कुठे म्हटलेले नाही.

म्हणूनच हा लेख मला मोलाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसपासून सुरू होतो आणि आपण कौटिल्याचे नाव जोडून थांबतो. जणू पूर्वेकडेही फक्त बळाचाच विचार झाला. पण दवाखाने, झाडे आणि दूत यांच्या जोरावर शेजार जोडण्याचे धोरण एका साम्राज्याने जाहीरपणे मांडले होते, आणि सत्ता व सदाचार यांतला ताणही त्याच दगडांवर उघडा ठेवला होता.

परराष्ट्र धोरण शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात तेरावा लेख वाचला जावा. शाहबाजगढीचा मजकूर, कंदाहारचा ग्रीक तुकडा आणि धौलीचे मौन, तिन्ही शेजारी ठेवून. अशोकाला संत ठरवून हात जोडणे सोपे आहे. सत्ता आणि सदाचार यांचा मेळ कसा घालायचा, या त्याने राज्यकर्त्यांपुढे ठेवलेल्या प्रश्नाला उत्तर देणे अवघड आहे, आणि ते आपल्याला टाळता येणार नाही.