लष्करी साहाय्य आणि लष्करी अंमल : सोलापूर, १९३०

शहराची शांतता राखण्यासाठी तेथे सैन्य आणून ठेवणे, या एकाच कृतीच्या पोटी दोन भिन्न व्यवस्था संभवतात. पहिलीत सैन्य मुलकी सत्तेच्या साहाय्यास येते; मागणी दंडाधिकाऱ्याची असते, कायदा नेहमीचाच राहतो आणि कार्य संपताच सैनिक छावणीत परततात. दुसरीत सेनाधिकाऱ्याची आज्ञा हाच शहराचा कायदा होतो. या दोहोंतील अंतर सोलापूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक झाली आणि सोलापुरात हरताळ व मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. प्रक्षुब्ध जमावाने पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत जाळली, पोलिसांचीही हत्या झाली. त्यानंतर पोलीस शहरातून काढून घेण्यात आले. मधल्या दिवसांत काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रहदारीची व्यवस्था पाहिली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत, म्हणजे सात आठवडे, चालू राहिला.

या काळात शिक्षेचे क्षेत्र दंगलीपुरते मर्यादित राहिले नाही. राष्ट्रध्वज बाळगणे, गांधी टोपी घालणे अशा कृत्यांवरही कारवाई झाली. याउलट, पोलिसांच्या हत्येचा सर्वांत गंभीर आरोप मात्र नेहमीच्या फौजदारी न्यायालयातच चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली. त्या निर्णयाच्या न्याय्यतेचा प्रश्न वेगळा. तथापि खुनाचा खटला चालविण्यास जो कायदा पुरेसा मानला गेला, तोच टोपी व निशाण यांच्या बाबतीत अपुरा का ठरावा, याचे समाधानकारक उत्तर ‘आवश्यकता’ या तत्त्वातून मिळत नाही. लष्करी कायद्याचे समर्थन तर याच एका तत्त्वावर आधारलेले असते.

स्वतंत्र भारताच्या संविधानातील ३४ व्या अनुच्छेदात लष्करी कायद्याचा उल्लेख आहे. परंतु तो पुकारण्याचा अधिकार तेथे स्पष्ट शब्दांत कोणालाही दिलेला नाही. जमाव पांगविण्यास सैन्य बोलावण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४९ व्या कलमात आहे. दंडाधिकाऱ्याची मागणी आणि शक्य तितक्या अल्प बळाचा वापर, या तिच्या दोन अटी होत. सोलापुरात लोपली ती हीच मर्यादा. म्हणून शहरात सैनिक किती होते, यापेक्षा ते कोणाच्या आज्ञेत व कोणत्या कायद्याखाली होते, हाच प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावा.