हाताला पोचणारी दांडी

जुन्या मराठी घरांतील खुंट्या कर्त्या पुरुषाच्या हाताच्या बेताने ठोकलेल्या असत. अंगरखा, उपरणे, पुढे कोट आणि टोपी यांचा बंदोबस्त त्यांवर उत्तम होई, परंतु त्याच घरात वावरणाऱ्या चार वर्षांच्या मुलाने आपला सदरा कोठे ठेवावा याची काहीच तजवीज नसल्याने तो जमिनीवर पडे, आणि पडला म्हणून मूल बोलणी खाई. आता खुंट्यांच्या जागी सहा-सात फुटी कपाटे आली, पण उंचीची ती वहिवाट कायम राहिली. माझ्या नातीने फ्रॉक काढून हातात धरला, चहूकडे पाहिले आणि अखेर तो खाली टाकला, हे दृश्य पाहिल्यावर तिच्या खोलीसाठी कपड्यांचा लाकडी स्टँड करण्याचे मी मनावर घेतले.

मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या श्रमिकांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा तेथील खुर्च्या-टेबले मुलांच्या मापाची तर होतीच, शिवाय मुलाला स्वतः उचलता येतील इतकी हलकीही होती. धक्क्याने खुर्ची पडली तर तो आवाजच मुलाला त्याच्या हालचालीतील उणीव दाखवून देईल, अशी त्यांची धारणा होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार आपल्या भूमीत रुजवला. १९२६ साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ हे त्यांच्या त्या उद्योगाचेच फळ. माँटेसरींच्या विचारातील मापाचे तत्त्व कपड्यांच्या स्टँडला जसेच्या तसे लागू पडते. हलकेपणाचे मात्र पडत नाही, कारण खुर्ची मुलाच्या शेजारी पडते आणि स्टँड मुलाच्या अंगावर.

हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या पहिल्या नमुन्याची बैठक समोरून मागे अवघी १२ इंच होती. कपड्यांसह वजन सुमारे ६ किलो, आणि दांडी जमिनीपासून ३६ इंचांवर. उभ्या खांबापासून बैठकीची पुढची कड ६ इंच दूर, म्हणजे दांडीच्या उंचीच्या एक षष्ठांश; तेव्हा दांडी पुढे ओढणारे १ किलोचे बळही तो पाडण्यास पुरेसे होते, आणि अडकलेली बाही सोडवताना लहान मूल याहून कितीतरी जोर लावते. एकदा तो कोसळला. सुदैवाने त्या वेळी जवळ कोणी नव्हते. बैठक २४ इंचांची केल्यावर लागणारे बळ २ किलो झाले, आणि खालच्या फळीवर ६ किलोंची पुस्तके व पादत्राणे ठेवल्यावर ४ किलो. तेवढ्यावरही मी विसंबलो नाही. वरच्या आडव्या पट्टीपासून भिंतीपर्यंत नवारीचा ताणलेला पट्टा स्क्रूने पक्का केला. ज्याला हा स्टँड करावयाचा असेल त्याने बाकी सर्व बदलावे, पण हा पट्टा गाळू नये.

रचना साधी आहे. ५० इंच उंचीचे दोन खांब, प्रत्येकाखाली आडवी बैठक, जमिनीपासून ६ इंचांवर दोन्ही खांबांना जोडणारी फळी आणि माथ्यावर एक पट्टी. खांबाच्या खालच्या टोकाला कुसू तासून ते बैठकीच्या खाचेत घट्ट बसवावे. नुसत्या खिळ्यांवर भिस्त ठेवली तर वर्षभरात सांधा हलू लागतो. दांडी एक इंच जाडीची, गोल. लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. म्हणून दांडीची भोके तिच्याहून अर्धा सूत मोठी ठेवावीत आणि तिची बाहेर आलेली टोके लहान मेखांनी अडवावीत.

लाकूड सागवानी असावे. वखारीतले नवे सागवान परवडत नसेल तर वाड्यांच्या पाडकामातून निघालेले मुरलेले लाकूड अधिक चांगले, मात्र त्यावरील जुना रंग घरात घासू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो आणि शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला घातक ठरते. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० अशी ठरवणारा आपल्याकडील नियम २०१६ सालचा आहे. रंगाऐवजी मी लाखेचे पॉलिश पसंत केले. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेने ती वितळवतात, त्यातून खेळण्यांवर जी झळाळी येते ती आपल्या कुंचल्याला साधत नाही. तरी काचकागदाने कडा गोल करून, तीन पातळ हात दिले की लाकूड मुलाच्या तळव्याला सुखद लागते.

सर्वांत महत्त्वाची बाब भोकांची. चार वर्षांचे मूल साधारण ४० इंच उंच असते आणि ३६ इंचांवरील दांडी त्याच्या डोळ्यांसमोर येते. यापुढे ते दर वर्षी सुमारे अडीच इंच वाढते. म्हणून खांबांत पहिल्या भोकाच्या वर अडीच अडीच इंचांवर आणखी चार भोके पाडली. गेल्या महिन्यात नातीने स्वतः मेखा उपसल्या आणि माझ्या मदतीने दांडी एक घर वर चढवली. रिकाम्या झालेल्या डाव्या भोकात तिने बाहेरून एक आखूड खुंटी बसवून घेतली आहे, दप्तरासाठी.