आठ वल्ह्यांची नाव

क्रिकेटची बॅट किंवा टेनिसची रॅकेट पालक आपल्या मुलाला घेऊन देऊ शकतात. आठ जणांनी वल्हवायची शर्यतीची नाव मात्र कोणी एका मुलासाठी विकत घेत नाही. ही नाव १७ मीटरहून अधिक लांब असते. बहुधा कार्बन तंतूंची बनवलेली असल्याने ती वजनाला हलकी असते. नियमाप्रमाणे तिचे वजन ९६ किलोपेक्षा कमी असून चालत नाही. किंमत मात्र कैक हजार डॉलरच्या घरात जाते. ती ठेवायला लांबलचक छप्पर हवे, पाण्यात उतरवायला धक्का हवा आणि वल्हवायला आणखी सात सोबती हवेत. त्यामुळे हा खेळ पिढ्यानपिढ्या धनाढ्य विद्यापीठे आणि मोजक्या सभासदांचे क्लब यांच्या आवारातच राहिला.

अमेरिकेतील बोस्टन आणि केंब्रिज या शहरांमधून वाहणाऱ्या चार्ल्स नदीच्या काठीही हेच चित्र होते. हार्वर्ड, एमआयटी, बोस्टन विद्यापीठ अशा संस्थांची नौकागृहे तिथे दिमाखात उभी आहेत. नदी सर्वांची असली तरी तिच्यात नाव घालण्याची सोय थोड्यांचीच होती. १९८५ साली काही क्रीडाप्रेमींनी ‘कम्युनिटी रोइंग’ ही संस्था स्थापन केली, ती ही स्थिती बदलण्यासाठी. आरंभी तिला स्वतःचे छप्पर नव्हते. नदीकाठच्या एका सार्वजनिक स्केटिंग रिंकच्या आश्रयाने तिचे काम चाले. २००८ साली ब्रायटन भागात तिचे स्वतःचे नौकागृह उभे राहिले.

या वास्तूला हॅरी पार्कर यांचे नाव दिले आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पार्कर एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत पाचवे आले होते. पुढे १९६३ पासून २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हार्वर्डच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या नौकानयनाला प्रथम प्रवेश मिळाला तो १९७६ साली; त्या वर्षी अमेरिकेच्या आठ जणींच्या नावेने कांस्यपदक मिळवले, ते पार्कर यांच्याच मार्गदर्शनाखाली. देशातील एका अत्यंत प्रतिष्ठित संघाच्या प्रशिक्षकाचे नाव सर्वांसाठी खुल्या असलेल्या नौकागृहाला लाभावे, हे उचितच म्हणावे लागेल.

पहाटे नोकरीधंद्याला जाण्यापूर्वी प्रौढ मंडळी येथे वल्हे मारतात. शाळा सुटल्यावर धक्का किशोरवयीन मुलामुलींच्या ताब्यात जातो. सरकारी शाळांतील मुलींसाठी येथे स्वतंत्र उपक्रम आहे. अपंग व्यक्ती आणि निवृत्त सैनिक यांच्यासाठीही वर्ग चालतात. ज्या घरांना शुल्क झेपत नाही त्यांना साहाय्य मिळते. शुल्क आणि देणग्या यांच्या आधारावर एक महागडी सामग्री शेकडो हातांना उपयोगी पडते.

या खेळात नवख्या मुलाला पहिला धडा मिळतो तो जमिनीवर. नाव आठ जणांनी मिळून खांद्यावर घ्यावी लागते. एकाने खांदा काढला तर भार शेजाऱ्यावर येतो. पाण्यात उतरल्यावर दुसरा धडा. वल्हेकरी पाठमोरे बसतात, त्यामुळे नाव कोठे जात आहे हे त्यांना दिसत नाही. पुढची वाट दिसते ती फक्त सुकाणू धरणाऱ्या ‘कॉक्स’ला, आणि पुष्कळदा तो किंवा ती संघातील सर्वांत लहान चणीचे मूल असते. त्याच्या शब्दावर आठ धिप्पाड मुलांना विश्वास ठेवावा लागतो. एखादे वल्हे पाण्यात अडकले, की त्याला या खेळाच्या भाषेत ‘खेकडा पकडणे’ म्हणतात, आणि त्या एका चुकीने सगळी नाव मंदावते.

सर्वांत कठीण कसोटी असते निवडीची. प्रशिक्षक दोन नावा शेजारी शेजारी पळवतात, मग दोन्हींतील एकेका मुलाची अदलाबदल करून पुन्हा पळवतात. कोणाच्या येण्याने नाव वेगवान झाली हे त्यातून कळते. जागा जाते ती पुष्कळदा मित्राकडेच. दुसऱ्या दिवशी त्याच मित्राबरोबर तीच नाव उचलायची असते. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात हे सोपे नाही. पण हार पचवून खांदा देत राहणे मूल येथेच शिकते.

या तयारीचे चीज होते ते ऑक्टोबरमधील ‘हेड ऑफ द चार्ल्स’ या शर्यतीत. १९६५ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत शालेय वयाच्या संघांच्याही शर्यती असतात. अंतर सुमारे ४.८ किलोमीटर. नावा एकदम सुटत नाहीत. काही सेकंदांच्या अंतराने एकेक सुटते आणि निकाल घड्याळावर लागतो. वाटेत पुलांच्या कमानी आणि अवघड वळणे येतात. वीक्स पुलापाशी नाव इतकी झपाट्याने वळवावी लागते की प्रेक्षक तेथेच गर्दी करतात. मार्ग चुकवणाऱ्या नावेला वेळेचा दंड बसतो. तो एकट्या कॉक्सला नव्हे, सर्वांना भोगावा लागतो.

महाराष्ट्रालाही याचे मोल ठाऊक आहे. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी नदीच्या पात्रात नौकानयनाची परंपरा जपत आले आहेत. त्याच पुण्यात, लष्करात दाखल झालेल्या दत्तू भोकनळने वल्हे हाती धरले. नाशिक जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त चांदवड तालुक्यात वाढलेला हा तरुण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्याने सुवर्णपदक मिळवले. त्याच्या घरी नाव नव्हती. ती लष्कराने दिली.

व्यापारी घराण्यांना भागीदारीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एकट्याला न पेलणारे भांडवल अनेकांनी मिळून उभे करायचे आणि लाभ-हानी वाटून घ्यायची, ही रीत नौकागृहालाही लागू पडते. फरक इतकाच, की येथील नफा पैशांत मोजता येत नाही. ज्या मुलाला एरवी नदी फक्त काठावरून पाहायला मिळाली असती, ते मूल वल्हे हातात घेऊन तिच्या पात्रात उतरते, हाच तो नफा.