साधी गाठ, अवघड जागा

माहूरच्या गडाच्या पायऱ्या उतरताना कुणी मटकन खाली बसलं, की भोवतीचे लोक लगेच कारण सांगतात: उपास, ऊन, पित्त, नाहीतर अंगात आलं. बहुतेक वेळा ऊन आणि उपासच खरे असतात. पण कपाळ अचानक ठणकतं, आडवं झाल्यावर उतरतं, कधी शुद्ध असतानाच पाय लुळे पडतात, असं वारंवार होत असेल तर डोक्याचा स्कॅन करायलाच हवा. क्वचित त्यात 'कोलॉइड सिस्ट' नावाची गाठ निघते. ती दुर्मीळ आहे. वर्षाला १० लाखांत साधारण तिघांना.

ही कळ पुष्कळदा आपोआप थांबते. म्हणून अंगारा, लिंबू, डोकेदुखीची गोळी, ज्याने जे केलं त्याला गुण आला असं वाटतं आणि वर्षं निघून जातात.

गाठ म्हणजे कॅन्सर, हे इथे खरं नाही. ही चिकट द्रवाची पिशवी असते. अंगभर पसरत नाही, चाकू लागला म्हणून चिघळतही नाही. कोबीतून पोटात गेलेल्या जंताच्या अंड्यांशीही तिचा संबंध नाही. तो आजार वेगळा.

'साधी आहे ना, मग राहू द्या,' हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं, मावतं जेमतेम १५० मिलिलिटर. ते वाहतं राहावं लागतं. ही गाठ नेमकी त्या वाटेच्या अरुंद तोंडाशी बसते. वाट बुजली की पाणी तुंबतं, दाब चढतो आणि माणूस काही तासांत दगावूही शकतो. उलट १ सेंटिमीटरहून लहान, त्रास न देणारी, पाणी न तुंबवणारी गाठ ठरावीक काळाने एमआरआय करून नुसती पाहत राहता येते.

वॉल्टर डँडी यांनी १९२१ साली ती पहिल्यांदा काढली. आता पुष्कळदा कवटीला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने काढतात. ऑपरेशनने माणूस वेडा होतो, ही भीती खोटी. मात्र आठवणीचे तंतू गाठीला खेटून जातात, म्हणून स्मरणशक्तीबद्दल सर्जनना आधीच विचारावं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड जवळ ठेवा. आणि डोकेदुखीसोबत उलट्या होऊन माणूस पेंगू लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन लावा. वाटेतही वेळ जातो: माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे.