मनोरुग्णांचेही मत घ्यावे

'ज्याचे जळते त्याला कळते' अशी आपल्याकडे म्हण आहे. कालव्याचे पाणी शेताच्या टोकापर्यंत पोचते की नाही, हे इंजिनियरच्या नकाशावरून समजत नाही, ते शेवटच्या शेतकऱ्यालाच ठाऊक असते. शिकवलेले समजले की नाही, हे आम्हां शिक्षकांना नव्हे, मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला अधिक कळते. हे आपण सहज मान्य करतो. पण मनाच्या आजारांवर उपचार करणारे दवाखाने आणि रुग्णालये यांचा विषय निघाला की ही म्हण आपल्याला आठवत नाही. बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी उघडावा, औषधे किती दिवसांची द्यावीत, भेटायला येणाऱ्या माणसांना कोठे बसवावे, हे सारे डॉक्टर आणि अधिकारी ठरवतात. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला आहे तो रुग्ण आणि घरी त्याचे सारे करणारी माणसे यांना कोणी विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, 'अहो, ज्याचे मनच थाऱ्यावर नाही त्याला काय विचारायचे?' हा आक्षेप फार जुना आहे आणि पहिल्या ऐकण्याला तो पटतोही. पण जरा खोलात जाऊन पाहा. मानसिक आजार बहुधा सदासर्वकाळ एकाच जोराने नसतो. त्याला चढउतार असतात. ज्या माणसाला गेल्या महिन्यात भास होत होते, तो आज आपला व्यवहार नीट पाहत असेल, आणि रुग्णालयात आपले काय झाले हे त्याला पुरते आठवत असेल. शिवाय एका बाबतीत निर्णय घेता आला नाही म्हणजे कोणत्याच बाबतीत घेता येत नाही, असेही नसते. आपल्या देशाच्या 2017 सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. केवळ मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणाला अस्थिर बुद्धीचे ठरवता येत नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाचा निर्णय लागतो.

रुग्णाला विचारून काय कळते, हेही पाहू. समजा, एका तरुणाला स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता झाली आहे. औषधाने त्याचे भास थांबले. डॉक्टरांच्या दृष्टीने काम फत्ते झाले. पण त्याच औषधाने त्याचा हात कापतो, आणि तो सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. कापत्या हाताने स्क्रू बसत नाही, गिऱ्हाईक बघत राहते, मालक कुरकुर करतो. तरुण औषध गुपचूप बंद करतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा आजारी पडतो. कागदावर नोंद होते, 'रुग्ण औषध घेत नाही'. पण का घेत नाही, हे कोणी विचारले असते तर मात्रा बदलता आली असती, औषध बदलता आले असते, आणि पुढचे सारे टळले असते.

घरच्यांचे ज्ञान आणखी वेगळे असते. मुलगी आजारी पडण्याआधी आठ दिवस तिची झोप उडते, ती जेवणाच्या ताटावरून उठून जाते, हे आईने चार वेळा पाहिलेले असते. डॉक्टरांना ती महिन्यातून दहा मिनिटे दिसते, आईला ती रात्रंदिवस दिसते. रुग्णालयातून घरी पाठवताना कोणत्या गोळीने काय होईल, पुन्हा त्रास झाला तर कोणाकडे जायचे, हे कोणी समजावून सांगितले नाही तर काय हाल होतात, हेही तीच सांगू शकते. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो, पण गावाहून येणारी एस्. टी. दुपारी पोचते, ही अडचण कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडायची नाही.

हा विचार आपल्या देशाला अगदीच नवा आहे असे मात्र समजू नका. 1950 नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक साधी गोष्ट केली. जुने लष्करी तंबू मिळवून त्यांनी ते रुग्णालयाच्या आवारात ठोकले आणि रुग्णांच्या नातलगांना तेथे रुग्णासोबत राहायला बोलावले. तोवर रिवाज असा होता, की रुग्णाला फाटकाशी सोडायचे आणि घरच्यांनी निघून जायचे. तंबूत राहणाऱ्या नातलगांनी उपचार डोळ्यांनी पाहिले, रुग्णाशी कसे बोलावे हे शिकून घेतले, आणि बरे झालेले माणूस घेऊन ते घरी गेले. पुढे 1957 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाने जे मानसिक आरोग्य केंद्र काढले, तेथेही रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायचे अशी पद्धत ठेवली. पाश्चात्त्य देशांत त्या काळी कुटुंबाला दूर ठेवण्याकडे कल असताना आपल्याकडे कुटुंबाला आत घेतले गेले. याला खाटांची आणि परिचारिकांची टंचाई हे एक कारण होते, पण टंचाईतून निघालेली युक्ती उपचार म्हणूनच मोलाची ठरली.

महाराष्ट्रातलेही दाखले आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभी राहिली. नव्याने आलेल्या माणसाला 'मीही याच खाटेवर होतो' असे जो सांगू शकतो, त्याच्या शब्दाला वेगळेच वजन असते. पुण्याचीच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने निघाली. ते कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. स्वतःच्या घरात हा आजार आल्यामुळे सांभाळणाऱ्याचे दुःख त्यांना बाहेरून समजून घ्यावे लागले नाही. अशा स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शब्द बदलल्याने आजार जात नाही हे खरे, पण 'वेडा' म्हणून हाक मारलेल्या माणसाला सभेत बोलायला उठवता येत नाही, शुभार्थीला येते.

परदेशांतही रुग्णांनीच सुधारणेला तोंड फोडले आहे. अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स या गृहस्थाने मनोरुग्णालयात भोगलेल्या हालांचे वर्णन 1908 साली पुस्तकरूपाने छापले, आणि त्यातून तेथील मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली. इटलीत डॉ. फ्रांको बसाग्लिया यांनी 1961 नंतर गोरिझिया गावच्या रुग्णालयात रुग्ण, परिचारक आणि डॉक्टर यांच्या एकत्र सभा भरवण्याचा प्रघात पाडला. पुढे 1978 मध्ये मोठी मनोरुग्णालये क्रमाक्रमाने बंद करण्याचा कायदा त्या देशाने केला, त्याचे मूळ या सभांत होते.

विचारले नाही म्हणजे काय होते, याचे भयंकर उदाहरण आपल्याच देशात घडले. तामीळनाडूतील एर्वाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. माणसे साखळदंडांनी बांधलेली होती, त्यांना पळता आले नाही. 28 जण प्राणाला मुकले. त्यांना साखळ्या घालणारे सगळेच दुष्ट होते असे नव्हे. घरच्यांनी नाइलाजाने त्यांना तेथे ठेवले होते, कारण जवळपास दुसरी सोय नव्हती किंवा ठाऊक नव्हती. म्हणून या प्रश्नात रुग्ण आणि घरचे या दोघांचेही ऐकले पाहिजे. एकाला साखळी नको आहे, दुसऱ्याला आधार हवा आहे, आणि आधाराची सोय झाली तर साखळीची वेळच येत नाही.

येथे एक नाजूक मुद्दा सांगितला पाहिजे. रुग्ण आणि सांभाळणारे यांची मते नेहमी सारखी नसतात. बापाला वाटते, मुलाला लवकर भरती करावे, मुलाला भरतीचीच धास्ती असते. पत्नी म्हणते, डॉक्टरांनी मला सारे सांगावे, नवरा म्हणतो, माझे मन मी डॉक्टरांपुढे उघडले, ते घरात का पोचावे? दोघांच्याही बाजूला तथ्य आहे. म्हणून 'कुटुंबाचा एक प्रतिनिधी घेतला, आता रुग्णाला वेगळे कशाला विचारायचे' हा हिशेब चुकीचा आहे. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणारा माणूस किती का मायेचा असेना, तो स्वतःच्या दमणुकीतूनही बोलत असतो. आणि ती दमणूकही खरी आहे, ती ऐकणारे कोणी असावे लागते. बरी झालेली अनेक माणसे घरचे न्यायला येत नाहीत म्हणून रुग्णालयातच दिवस काढतात. त्यांच्या बाबतीत तर त्यांच्या स्वतःच्या शब्दावाचून दुसरा आधार नाही.

2017 च्या कायद्याने हा भेद ओळखला आहे. सज्ञान माणसाला आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते, आणि आपल्या वतीने निर्णयाला मदत करणारा प्रतिनिधीही नेमता येतो. तातडीच्या उपचाराला मात्र हे लेखी म्हणणे लागू होत नाही. साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी आणि सांभाळ करणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी घ्यावेत, असे कायदा वेगवेगळे सांगतो. तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळांवरही रुग्ण, सांभाळणारे किंवा त्यांच्या संस्था यांच्यासाठी दोन जागा आहेत. पण कायदा झाल्यावरही अनेक राज्यांत ही मंडळे उभी राहायला वर्षे लागली. खुर्चीची तरतूद कागदावर झाली म्हणजे खुर्चीवर माणूस बसला असे होत नाही.

आणि माणूस बसला तरी त्याचे ऐकले जाते का, हा पुढचा प्रश्न. दहा तज्ज्ञांच्या बैठकीत एकच रुग्ण बसवला, कागद सारे इंग्रजीत दिले, येण्याजाण्याचे भाडे दिले नाही, त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि शेवटी 'आपल्याला काही म्हणायचे आहे का?' असे विचारले, तर तो बिचारा 'नाही' म्हणूनच उठेल. खरा सहभाग हवा असेल तर काही साध्या गोष्टी कराव्या लागतात. एकाऐवजी दोघेतिघे घ्यावेत, म्हणजे त्यांना एकमेकांचा धीर येतो. कागद मराठीत आणि आधी मिळावेत. प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला मिळावा. विषय ठरवतानाच त्यांना विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुचवलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले, हे कळवावे. सूचना मान्य झाली नाही तरी चालेल, पण कारण सांगितले पाहिजे. ज्या तक्रारपेटीला उत्तर येत नाही, तिच्यात लोक दुसरी चिठ्ठी टाकत नाहीत.

असे केल्याने खरोखर फरक पडतो का? गुजरातमधील सरकारी मनोरुग्णसेवांत जागतिक आरोग्य संघटनेच्या 'क्वालिटी राइट्स' या कार्यक्रमाचा प्रयोग करण्यात आला. त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या अभ्यासकांचा मोठा वाटा होता. कर्मचाऱ्यांना रुग्णांच्या हक्कांचे शिक्षण दिले, सेवा कशी सुधारावी याच्या योजना आखल्या, आणि रुग्णांचे व नातलगांचे परस्परसाहाय्याचे गट उभे केले. 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात सेवांचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी बरीच बदलली, आणि सांभाळणाऱ्यांवरचा भारही काहीसा हलका झाला. रुग्णांना स्वतःला वाटणारे बळ आणि समाधानही वाढले, पण ही वाढ लहान होती. हे मुद्दाम सांगतो, कारण या मार्गाने एका वर्षात चमत्कार होत नाही. अनेक वर्षे गप्प बसवलेल्या माणसाला बोलते व्हायला वेळ लागतो.

तरीही हा वेळ देण्यावाचून गत्यंतर नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले, की दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आहे, आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. डॉक्टर कमी आहेत हे याचे एक कारण. पण जो एकदा येऊन परत फिरकला नाही, तो का फिरकला नाही, हे त्याच्याखेरीज कोण सांगणार?

वाचकहो, आपण डॉक्टर नसाल, अधिकारी नसाल. तरी आपल्या घरात, चाळीत, वाड्यात असा एखादा माणूस असेलच. त्याच्याविषयी त्याच्यादेखत तिऱ्हाईतासारखे बोलू नका. आधी त्याला विचारा, 'तुला काय हवे आहे?' त्याच्या आईला किंवा पत्नीला विचारा, 'तुम्हाला रात्रीची झोप मिळते का?' रुग्णालयात अडचण आली तर ती लेखी द्या, तक्रारीचा हक्क कायद्याने दिलेला आहे. जवळच्या स्वमदत गटाचा पत्ता काढा. दूरध्वनीवरून सल्ला हवा असेल तर 2022 पासून सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. आणि एखाद्या संस्थेच्या समितीवर आपली वर्णी लागली, तर पहिल्याच बैठकीत विचारा, 'येथे बसलेल्यांपैकी स्वतः हा आजार भोगलेले कोण आहेत?' उत्तर 'कोणी नाही' असे आले, तर त्या बैठकीचा पहिला ठराव काय असावा, हे वेगळे सांगायला नको.