दर दोन सेकंदांनी हिशेब

वॉशिंग मशिनमध्ये संगणक असतो, गाडीच्या ब्रेकमध्ये असतो, पण त्यांना आपण संगणक म्हणत नाही. टेबलावरच्या संगणकावर आज पत्र लिहावं, उद्या सिनेमा पाहावा. यंत्राच्या पोटात बसलेल्याला ती मोकळीक नाही. त्याने त्या एकाच यंत्राची चाकरी करायची. अशा रचनेला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. छोटी चिप, थोडी मेमरी ही तिची नेहमी सांगितली जाणारी लक्षणं मला वरवरची वाटतात. तिचा खरा स्वभाव चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलो यानांतल्या संगणकात दिसतो.

1961 साली हा संगणक घडवण्याचं काम अमेरिकेतल्या एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीकडे आलं. संगणक तेव्हा खोल्या व्यापत. इथे वजन भरलं सुमारे 32 किलो आणि वीज लागे 55 वॅटच्या आसपास. कायमची मेमरी 36,864 शब्दांची, पुसून लिहिण्याजोगी फक्त 2,048 शब्दांची. कायमची मेमरी रेथिऑनच्या कारखान्यात स्त्रिया हातांनी ओवत. तांब्याची तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. एकदा ओवलेला प्रोग्राम बदलणं जवळजवळ अशक्य, म्हणून तो महिनोन् महिने आधी पक्का करावा लागे.

चांद्रयानात या संगणकाला माहिती मिळे ती जायरोस्कोप, त्वरणमापक आणि रडारकडून. त्याचा हुकूम जाई थेट इंजिनाकडे. अंतराळवीरांसाठी अंकांचा छोटा फलक होता, पण संगणकाचा मुख्य व्यवहार यानाशीच. उतरताना दर दोन सेकंदांनी स्थान, वेग आणि इंजिनाचा जोर यांचा हिशेब पुरा व्हायलाच हवा. उत्तर अचूक आलं पण उशिरा आलं, तर ते चुकलंच.

20 जुलै 1969 रोजी अपोलो 11 चं चांद्रयान 'ईगल' चंद्रावर उतरत असताना फलकावर 1202 हा इशारा झळकला. मुख्य यानाशी पुन्हा भेट घडवण्यासाठी असलेल्या रडारकडून निरर्थक संकेत येत होते आणि संगणकाचा सुमारे 15 टक्के वेळ खात होते. जुना हिशेब संपण्याआधी नवा दारात येई. कामांना जागा उरेना. एमआयटीच्या त्याच प्रयोगशाळेतल्या हॅल लॅनिंग यांनी कामांना अग्रक्रम देणारी व्यवस्था रचली होती. तिच्या जोरावर संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी, इंजिन आणि दिशा सांभाळणारी कामं होती तिथून उचली आणि फलकावर आकडे दाखवण्यासारखी कामं सोडून देई. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात स्टीव्ह बेल्स आणि जॅक गारमन यांना या इशाऱ्याचा अर्थ ठाऊक होता. उतरणं थांबलं नाही. कशावर पाणी सोडायचं हे आधीच ठरवून ठेवणाऱ्या त्या अभियंत्यांविषयी मला अपार आदर वाटतो.

फेब्रुवारी 1971 मध्ये अपोलो 14 च्या चांद्रयानात मोहीम सोडून परतण्याचं बटण बिघडलं. कुणी न दाबताच संकेत येऊ लागला. उतरताना तो आला असता तर संगणकाने आज्ञाधारकपणे यान माघारी नेलं असतं. ओवलेला प्रोग्राम उसवता येत नव्हता. डॉन आयल्स या तरुण प्रोग्रामरने काही तासांतच वाट काढली: पुसता येणाऱ्या मेमरीत असे आकडे घालायचे, की माघारीचा प्रोग्राम आधीच चालू आहे असं संगणकाला वाटावं आणि त्याने बटणाकडे लक्षच देऊ नये. यानातले अंतराळवीर एडगर मिचेल यांनी ते आकडे फलकावर एकेक करून भरले. या युक्तीमुळे इंजिनाचा जोर आपोआप वाढणार नव्हता. तेवढं काम त्यांचे सहकारी ॲलन शेपर्ड यांनी हाताने केलं, आणि मग सूत्रं पुन्हा संगणकाकडे गेली.