समीकरणानंतरचं टिंब

१९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या हाती त्यांच्याच ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पडली आणि ते हबकले. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर, मोनोटाइपवर जुळवलेली होती. आता फोटोकंपोझिंग आलं होतं आणि पानाची रया गेली होती. दुसरा एखादा लेखक प्रकाशकाशी चार शब्द बोलून गप्प बसला असता. क्नुथ यांनी अक्षरजुळणीसाठी ‘टेक’ आणि अक्षरं घडवण्यासाठी ‘मेटाफाँट’ लिहायला घेतलं. थोडक्यात आटपेल म्हणून काढलेलं हे काम त्यांना दहाएक वर्षं पुरलं. त्यातून निघालेला ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ हा फाँट गणितज्ञांच्या घरचाच झाला. त्याचं मूळ वळण मात्र जुन्या मोनोटाइपचंच, ‘मॉडर्न ८ए’.

कागदावर हा फाँट देखणा, पडद्यावर त्याच्या बारीक रेषा अशक्त वाटतात. ऑफिस २००७बरोबर आलेला ‘कँब्रिया मॅथ’ किंवा टाइम्सच्या वळणाचा ‘स्टिक्स’ तिथे जास्त ठसठशीत उमटतो. पण देखणेपणावर गणिताचा फाँट निवडूच नये. आधी जुळ्यांची परीक्षा घ्यावी. तिरपा व्ही आणि ग्रीक न्यू, डब्ल्यू आणि ओमेगा, ए आणि अल्फा, धाकटा एल आणि एकाचा आकडा असे शेजारी शेजारी छापून बघावेत, आणि घातांकाएवढे बारीक करूनही बघावेत. कादंबरीत एखादं अक्षर संदिग्ध असलं तरी शेजारची अक्षरं सांभाळून घेतात. समीकरणात प्रत्येक अक्षर एकटं असतं. व्ही म्हणजे वेग, न्यू म्हणजे वारंवारता. डॉप्लर परिणामाच्या सूत्रात दोघे एकत्र येतात आणि टाइम्ससारख्या फाँटमध्ये कोण कोणता हे कळता कळत नाही.

चल तिरपे आणि साइन, लॉग सरळ, या रिवाजामागेही कारण आहे. लॉग तिरपा छापला तर तो तीन चलांचा गुणाकार वाटतो. अक्षररचनाकार हेर्मान त्साफ यांनी क्नुथ यांच्यासोबत घडवलेल्या ‘ऑयलर’ फाँटने मात्र चलही उभेच ठेवले, फळ्यावर सुंदर हस्ताक्षरात लिहावेत तसे. १९८९च्या ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’मधलं गणित त्यातच छापलं आहे. नियम मोडावा तर असा.

फाँटइतकीच मोकळी जागा महत्त्वाची. ‘७ − ३’ मधल्या वजाच्या दोन्ही बाजूंना हवा लागते; ‘−३’ मध्ये ते चिन्ह आकड्याला चिकटून हवं. आपल्याकडे टंकलिखितात वजाच्या जागी सर्रास संयोगचिन्ह ठोकतात. ते आखूड असतं, आणि ओळ संपली की तिथेच लटकून राहतं. ३ बिचारा पुढच्या ओळीत धन होऊन बसतो.

आता विरामचिन्हं. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मर्मिन यांनी १९८९मध्ये ‘फिजिक्स टुडे’त लिहिलेल्या लेखाचा एक आग्रह असा, की समीकरण हा गद्याचाच भाग आहे, म्हणून त्यालाही स्वल्पविराम आणि पूर्णविराम द्या. मला हे शंभर टक्के पटतं. क्नुथ यांचीही एक सूचना तितकीच कामाची: दोन सूत्रांमध्ये नुसता स्वल्पविराम नको, शब्द हवा. ‘क्ष > ०, य = २’ असं वाचताना क्षणभर अडखळायला होतं; ‘क्ष > ० असेल, तर य = २’ सरळ वाचता येतं.

मराठीत एक वेगळीच पंचाईत होते. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे मध्यभागी स्वतंत्र ओळीत मांडलेल्या समीकरणाखाली ‘हे मिळते.’ एवढं शेपूट उरतं. इंग्रजीसारखं समीकरणानंतर टिंब देऊन मोकळं होता येत नाही. अशा वेळी क्रियापद आधीच उरकून ‘त्यावरून पुढील समीकरण मिळते:’ असं लिहावं, म्हणजे शेवटचं टिंब समीकरणाला देता येतं.

शिवाय देवनागरी शून्य आणि अंशाचं चिन्ह ही सख्खी भावंडं. फाँट नीट निवडला नाही तर ३०° चे ३०० व्हायला वेळ लागत नाही. आणि अपूर्णविरामापुढे आडवी रेघ ओढायची आपली जुनी खोड! ‘उत्तर :- ५’ असं छापलं, की पोरगं वहीत उणे पाच उतरवून घेतं, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.